दहाला आडवी का होत नाहीस?

‘अगं, मोबाइल ठेव बाजूला आणि दहाला आडवी हो, येईल आपोआप झोप.’ सोसायटीतल्या काकूंपासून भावजयीपर्यंत सगळ्यांनी हे सांगून झालंय. त्याला जोडून हमखास विचारतात, ‘एडीएचडीचे उपचार चालू आहेत ना, मग झोपेचं काय?’ एडीएचडी म्हणजे लक्ष आणि मनाचा आवर सांभाळणं अवघड करणारी मेंदूची जडणघडण. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

दहाला मी आडवी होऊ शकते, झोपू शकत नाही. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका असतो. तेच शरीराचं घड्याळ. डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून तो वेळ ठरवतो आणि संध्याकाळ झाली की मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, सोडायला लावतो. एडीएचडी असलेल्या आणि झोप लागायला उशीर होणाऱ्या प्रौढांना मंद उजेडात बसवून ठरावीक वेळाने त्यांची लाळ तपासली, तर मेलाटोनिन इतरांपेक्षा साधारण दीड तास उशिरा वाढताना दिसतं. म्हणजे तुमचे दहा वाजतात तेव्हा माझ्या शरीरात जेमतेम साडेआठ झालेले असतात. साडेआठला तुम्हाला तरी झोप येईल का?

पण सगळं खापर घड्याळावर फोडणार नाही. रात्री साडेअकराला घर शांत होतं, कुणी हाक मारत नाही, आणि दिवसभर जे लक्ष हाताला लागलं नाही ते अचानक लागतं. मग मिसळणाचा डबा पुसायला घ्यायचा. मोहरीच्या वाटीत शिरलेली हळद चमच्याने वेगळी करायची, वाट्या धुवायच्या, तळाशी कागद घालायचा. जांभया येत असतात, पण हातातलं सोडून उठणं हेच तर आमचं मूळ दुखणं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हिला झोपायचंच नाही.

‘लवकर निजे, लवकर उठे’ यातला क्रम मला उलटा वाटतो. माणसाचं आतलं घड्याळ मुळातच चोवीस तासांहून किंचित लांब असतं, त्यामुळे ते पुढे सरकायला टपलेलंच असतं. त्याला मागे ओढतो तो सकाळचा उजेड. म्हणून मी झोपायची वेळ ठरवणं सोडलं आणि उठायची धरली. चहाचा कप घेऊन थेट गॅलरीत जायचं. काचेआडचा उजेड तितका उपयोगी नाही. जानेवारीत मुंबईत सात वाजून गेले तरी सूर्य नसतो, त्या दिवसांत जड जातं. (मुंबईची जुनी स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती. ती चालू ठेवली असती तर घड्याळात सात वाजायच्या आत सूर्य उगवला असता आणि माझं थोडं भलं झालं असतं.) रविवारी अकरापर्यंत लोळलं की आठवडाभराची कमाई गेली, आणि रविवार अजून माझ्या हातात नाही.

मेलाटोनिनची गोळी? २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या एका चाचणीत अशा प्रौढांना रोज फक्त अर्धा मिलिग्रॅम दिलं. घड्याळ सरासरी दीड तास अलीकडे आलं, एडीएचडीची लक्षणंही १४ टक्के कमी झाली. गोळी थांबवल्यावर दोन आठवड्यांत घड्याळ पूर्वपदावर! डोस कमी होता, वेळ मोजून दिलेली होती. म्हणून केमिस्टकडून पाच किंवा दहा मिलिग्रॅमच्या चघळायच्या गोळ्या आणून उशाशी ठेवणाऱ्यांचं मला काही कळत नाही. डॉक्टरांना विचारा. विचारायला जालच, तर रात्री पाय अस्वस्थ होतात का, घोरता का, हेही सांगा आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्या. एडीएचडीसाठीची दिवसाची उत्तेजक गोळी दुपारनंतर घेतली जात असेल तर तेही सांगा, कारण तीच कित्येकदा रात्र लांबवते.

तर काकू, हल्ली मी साडेबाराच्या सुमारास झोपते. दहाला नाही, आणि बहुधा कधीच नाही. भिशीचा निरोप द्यायचा असेल तर सकाळी साडेसहाला बेल वाजवू नका. रात्री अकराला खुशाल फोन करा.