मान खाली, हात चालू

परवा दुपारी मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून सोलायला बसलो होतो आणि शेजारी फोनवर ध्यानाचं ॲप चालू होतं. मुलीने वर्षभराचे पैसे भरून दिलेत, म्हणून ऐकायचं. त्यातली बाई मधाळ आवाजात म्हणाली, 'आता सगळं लक्ष बोटांच्या टोकांवर आणा.' अहो बाई, ते तिथेच आहे. तुमच्याकडे लक्ष गेलं म्हणून तर आत्ता एक डाळिंबी फुटली. बंद केलं.

वालाला घाई चालत नाही. रात्रभर भिजवा, उपसून फडक्यात बांधून ठेवा, मोड यायला आणखी एक दिवस द्या, मग कोमट पाणी, तेव्हा कुठे साल सैल होते. दाणा चिमटीत धरून हलकेच दाबला की बुळकन बाहेर येतो, मोडासकट, फिकट हिरवा. जोर जरा जास्त झाला की दोन फाका. बोटं सुरकुततात, चिकट होतात, तो कडवट कच्चा वास रात्रीपर्यंत जात नाही. दादरला सोललेलं बिरडं पिशवीत तयार मिळतं. मी घेत नाही. कारण विचारू नका, घरचे विचारून दमले.

पेणला आत्याकडे श्रावणात हा कार्यक्रम माजघरात व्हायचा. मधे परात, भोवती आत्या, तिच्या जावा, शेजारच्या कुणी, आणि वेळेवर पळ काढता न आलेली आम्ही पोरं. 'अरे, डाळिंबी आहे ती, लिंबू नव्हे!' असं म्हणत आत्या माझ्या फुटलेल्या डाळिंब्या वेगळ्या वाटीत ठेवायची, पुरावा म्हणून. गावात गणपतीच्या कारखान्यांची धांदल चालू असायची. कुणाकडचे रंग संपले, कुणाचा कारागीर ऐनवेळी गावाला गेला, कुणाच्या सुनेला दिवस गेले, सगळं त्या परातीभोवती कळायचं.

एकदा असंच सोलता सोलता आत्याची धाकटी जाऊ म्हणाली, 'यंदा पंचमीला मला माहेरी न्यायला कुणी उरलं नाही.' गणपतीचे रंग महागलेत, हे ज्या सुरात सांगितलं होतं त्याच सुरात. कुणी मान वर केली नाही, कुणाचे हात थांबले नाहीत. बऱ्याच वेळाने आत्या परातीकडेच बघत म्हणाली, 'माझा भाऊ आहे की. दोघी जाऊ.' तो भाऊ म्हणजे माझे वडील. पंचमीला दोघी पनवेलला आमच्या दारात हजर. पुढे कितीतरी वर्षं येत राहिल्या, आणि आई त्यांना 'आमच्या वन्सं' म्हणायची, दोघींनाही.

समोरासमोर खुर्च्या टाकून, 'बोल, काय वाटतंय तुला?' असं विचारलं असतं तर त्या काकू मेल्या तरी बोलल्या नसत्या. डोळ्यांना काम असलं की तोंडाला धीर येतो, असं मला वाटतं.

ब्रिटनने २०१८ साली एकटेपणाचा प्रश्न एका मंत्र्याकडे सोपवला, २०२१ साली जपाननेही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात जगातल्या दर सहा माणसांमागे एक एकटेपणाने ग्रासलेला आहे म्हणे. मंत्री या विषयाच्या फाइलीत काय लिहीत असतील, याचं मला फार कुतूहल आहे. माझा एक मित्र इगतपुरीला विपश्यनेला जाऊन आला. दहा दिवस, फोन जमा, बोलायचं नाही. चेहरा खरंच शांत झाला होता, खोटं कशाला बोलू. पण आल्यापासून त्या मौनाबद्दल तो इतका बोलतोय की त्याच्या बायकोने आता स्वतःचं नाव नोंदवलंय.

काल तळमजल्यावरचे काका आले होते सोलायला. पत्नी गेल्यापासून दुपारी जिन्यात उगाच घुटमळत असतात, म्हणून मीच बोलावलं. म्हटलं, मान खाली गेली की बोलतील काहीतरी. तासाभरात त्यांनी निम्मे वाल फोडले आणि बोलले ते फक्त सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल. टाकी कुठे गळते, प्लंबरने किती मागितले, सेक्रेटरी कसा बिनकामाचा. फुटलेल्यांची आमटी केली. गुरुवारी परत येतो म्हणालेत. वाल जरा जास्तच भिजवावे लागणार.