देवबागच्या खाडीत गळ टाकायचाय? आधी तिथी बघा

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. त्या संगमावर हल्ली वॉटर स्पोर्ट्सच्या बोटींची गर्दी असते. गळ टाकायचा असेल तर तिथे थांबूच नका, होडी आत खाडीत, कांदळवनाच्या कडेला घ्यायला सांगा. चोणक (रायगडात ज्याला जिताडा म्हणतात तो), तांबोसा, गोबरा हे दबा धरून शिकार करणारे मासे तिथे मुळांच्या आडोशाला असतात.

दिवस मात्र सुट्टी बघून नव्हे, पाणी बघून ठरवा. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. हा आकडा मुंबईचा, मालवणकडे भरती त्याच्या थोडी आधी येते. आम्ही गेलो त्या दिवशी द्वादशी होती, म्हणजे हिशेबाने नऊ, प्रत्यक्षात सव्वाआठच्या सुमारास पाणी भरलं. अष्टमीच्या भांगाला (भरती-ओहोटीचा फरक सगळ्यात कमी असतो तेव्हा) पाणी फारसं हलत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात इतकं ओढतं की गळ तळाला ठरत नाही. मधल्या तिथी उत्तम. होडीवाल्याला फोनवर एवढंच विचारा, "काका, त्या दिवशी भरती कितीला?" जो उत्तर देऊन निघायची वेळ स्वतः सांगेल, त्याच्याबरोबर जा.

आम्ही उजाडता उजाडता निघालो. चढत्या पाण्यात तिवरांच्या कडेने सॉफ्ट प्लास्टिकचे लूर (नकली आमिषं) टाकत गेलो आणि लहान गोबरे लागले, ते सोडून दिले. भरती पूर्ण झाली आणि सगळं थंडावलं. मला लूर बदलायची घाई झाली होती. होडीवाल्या काकांनी मात्र होडी बांधली आणि चहा काढला. "पाणी फिरल्याशिवाय मासो तोंड उघडूचो नाय."

सुकती (ओहोटी) लागल्यावर त्यांनी होडी एका लहान व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, तोंडाशी नेली. कांदळवनात शिरलेली कोळंबी आणि बारके मासे ओहोटीबरोबर अशाच तोंडांतून बाहेर येतात, आणि मोठे मासे तिथे वाट अडवून बसतात. काकांनी पाग (फेकायचं जाळं) टाकून शेवटे नावाचे लहान मासे पकडले होते, त्यातला एक जिवंत गळाला लावला. थोड्याच वेळात दोरी सरळ मुळांकडे धावली. इथे ढील द्यायची नाही. मासा मुळांत गेला की दोरी तुटलीच. चोणक पाण्याबाहेर अख्खा उसळला, कल्ले फडफडवले, पुन्हा खाली गेला. होडीजवळ आला तेव्हा माझे हात थरथरत होते.

चोणकाच्या कल्ल्याच्या झाकणाची कडा पात्यासारखी कापते, तेव्हा तिथे हात घालू नका. शिंगाळा (विषारी काट्यांचा मासा) लागला तर त्याच्या काट्यांना हात लावू नका, होडीवाल्याला काढू द्या. काटा टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा आणि डॉक्टरांकडे जा.

सामान म्हणाल तर सात फुटी मध्यम-जड रॉड, 4000 आकाराचं रीळ, 30 पौंडी ब्रेड (विणलेली दोरी) आणि पुढे गळाजवळ 40 पौंडी लीडर (जाड दोरीचा तुकडा) पुरे. रॉड नसेल तर काकांची हातदोरीही चालते. मालवणच्या किल्ल्याभोवती 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, त्याच्या हद्दीत गळ टाकू नका. पावसाळ्यात खाडी गढूळ असते. ऑक्टोबरनंतर पाणी निवळू लागतं. उशिरा दुपारी समुद्रावरचा वारा वाढतो, त्याच्या आत परता. रेल्वेने येणाऱ्यांना कुडाळ सोयीचं.

मोठा चोणक आम्ही सोडला, तुम्हीही सोडा. हा मासा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणजे मोठा चोणक मारला की बहुधा अंड्यांची मादीच जाते. पोट हाताने आधार देऊन धरा, तोंड प्रवाहाकडे ठेवा, स्वतःहून निसटेपर्यंत थांबा. जेवणापुरता एक मध्यम तांबोसा ठेवला. घरगुती खानावळीत तो करून देतात, पण सकाळी निघतानाच सांगून ठेवावं लागतं.