तेतुआनमधली ग्रनादा

मोरोक्कोतल्या फेसच्या मदिनेत, म्हणजे जुन्या शहरात, पहिल्या तासाभरात आम्ही दोघी एक शब्द शिकलो, ‘बालाक!’ बाजूला व्हा. मागून कातड्यांचे गठ्ठे लादलेलं गाढव आलं की भिंतीला पाठ टेकवून वाट द्यायची. गाड्यांना आत वावच नाही.

हे शहर नदीच्या दोन काठांवर वाढलं. एका काठावर ८१८ सालच्या बंडानंतर स्पेनमधल्या कोर्दोबातून हाकलून दिलेली माणसं वसली, तर दुसऱ्यावर ट्युनिशियातल्या कैरुआनची कुटुंबं. अशाच एका कैरुआनी घरातल्या फातिमा अल-फिहरीने ८५९ मध्ये करावियिन मशीद उभारली, असं परंपरा सांगते. मुसलमानेतरांना आत प्रवेश नाही. आम्ही दारातूनच अंगणातलं कारंजं बघत बराच वेळ उभ्या राहिलो. उत्तर मोरोक्कोतली शहरं घर सुटलेल्या माणसांनी घडवली आहेत, हे मला त्या दारात पहिल्यांदा जाणवलं आणि पुढचा सगळा प्रवास मी तेच शोधत केला.

शेफशाउनच्या घरांचा निळा रंग सगळ्यांनी फोटोंत पाहिलेला असतो, त्यामुळे त्याबद्दल जास्त लिहीत नाही. मला तिथला बिसारा आठवतो. सुकवलेल्या पावट्यासारख्या दाण्यांचं घट्ट कढण, वर ऑलिव्ह तेलाची धार आणि जिरेपूड. रीफच्या डोंगरातल्या थंडीत पहाटे ते वाफाळतं कढण पोटात गेलं की आईच्या हातचं कुळथाचं पिठलं आठवावं, इतकं ओळखीचं वाटतं.

तेतुआनला एक दिवस राहायचं ठरवून गेलो आणि चार दिवस राहिलो. पंधराव्या शतकाच्या शेवटी स्पेनमधल्या ग्रनादाच्या अल-मंद्री नावाच्या सरदाराने आपल्या लोकांसह हे ओसाड पडलेलं गाव पुन्हा वसवलं. १४९२ मध्ये ग्रनादा, स्पेनमधलं शेवटचं मुसलमान राज्य, ख्रिस्ती राजांच्या हाती पडलं. मग मुसलमान आले, ज्यूही आले. इथल्या ज्यूंची हाकेतिया ही बोली जुनी स्पॅनिश, हिब्रू आणि अरबी यांच्या मिश्रणातून झाली. पांढऱ्या भिंती, हिरवी दारं, आतल्या चौकात संत्र्याचं झाड. सोडून आलेलं गाव या माणसांनी आठवणीतून पुन्हा बांधलं.

आमच्या घरमालकीणबाई साठीच्या. माझी मैत्रीण पुण्यात स्पॅनिश शिकलेली, त्यामुळे गप्पा रंगल्या. ग्रनादातल्या घरांच्या किल्ल्या काही कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या जपल्याचं त्या सांगत होत्या. ‘दार राहिलं नाही, तरी किल्ली टाकवत नाही,’ हे त्यांनी इतक्या साधेपणाने म्हटलं की आम्हाला पुढे काही विचारवेना.

मदिनेला लागूनच स्पॅनिशांनी वसवलेला नवा भाग आहे. १९१३ ते १९५६ या काळात तेतुआन त्यांच्या ताब्यातल्या उत्तर मोरोक्कोची राजधानी होती. त्यांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या पुढाऱ्याचं नाव अब्देलखालेक तोरेस. आडनाव स्पॅनिश! आणि याच गावावर सोळाव्या शतकात सय्यिदा अल-हुर्रा या बाईने राज्य केलं. तिच्याशी लग्न करायला फेसचा सुलतान स्वतः इथे आला, ती त्याच्या राजधानीत गेली नाही. आपल्याकडे हिचं नाव कुणी का घेत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

शेवटचा मुक्काम तांजियर. १६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येच्या हुंड्यात इंग्लंडच्या राजाला मुंबई मिळाली, हे शाळेत शिकलो होतो. त्याच हुंड्यात तांजियरही होतं! मुंबई इंग्रजांकडे राहिली, तांजियर मात्र त्यांनी १६८४ मध्ये सोडलं. कसब्याच्या, म्हणजे जुन्या किल्ल्याच्या, तटावर उभं राहिलं की समोर स्पेनचा किनारा दिसतो, सामुद्रधुनीच्या सर्वांत अरुंद जागी अंतर जेमतेम १४ किलोमीटर. ज्यांचं घर पलीकडे राहिलं, त्यांना हा किनारा रोज दिसत असेल.

चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता इथला. १३२५ मध्ये एकविसाव्या वर्षी निघाला तो फिरत फिरत आमच्या दौलताबादला पोचला. मी लहानपणापासून त्या किल्ल्याच्या सावलीत वाढले. तिथल्या कोठडीतले मांजरापेक्षा मोठे उंदीर त्याने लिहून ठेवलेत, ते आजोबा रंगवून सांगायचे. मदिनेतल्या चढावर त्याची म्हणून दाखवतात ती कबर आहे, अगदी लहानशी. तिथे बसलेल्या म्हाताऱ्या बाबांना मैत्रिणीने स्पॅनिशमधून सांगितलं, ही दौलताबादची. त्यांना नाव कळलं नाही. मग मी फोनवर किल्ल्याचा फोटो दाखवला. त्यांनी तो दोन बोटांनी मोठा करून बारकाईने पाहिला आणि कबरीकडे बोट करून विचारलं, ‘हा इतक्या लांब गेला होता?’

मी मान हलवली. त्यांनी सरकून मला शेजारी बसायला जागा करून दिली.