तुम्ही विचारलंत म्हणून : सगळं हिरवं झालं, मग पक्षी कुठे गेले?

दर नोव्हेंबरात ५ ते १२ तारखेच्या पक्षी सप्ताहात मला आसपासच्या शाळांमधून बोलावणं येतं. सप्ताहाच्या एका टोकाला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, दुसऱ्या टोकाला डॉ. सालिम अलींचा. चितमपल्ली मूळचे सोलापूरचे, त्यामुळे इकडच्या शाळा हा सप्ताह जरा जास्तच मनावर घेतात. मुलांचे प्रश्न दरवर्षी निराळे असतात. पण नंतर चहाच्या वेळी कुणी शिक्षक किंवा गावातलं जाणतं माणूस एक प्रश्न हमखास विचारतं : "बाई, आमच्या लहानपणी इथं नुसता माळ होता. आता पाणी आलं, ऊस आला, द्राक्षं आली, एवढी झाडं लावली. मग पक्षी वाढायचे सोडून कमी कसे झाले?"

चहा संपेपर्यंत याचं उत्तर देऊन होत नाही. म्हणून लिहिते.

माझ्या मते उत्तर 'नुसता माळ' या दोन शब्दांत आहे. आमचे पक्षी त्या नुसत्या माळाचेच होते.

माझं माहेर सोलापूर–बार्शी रस्त्यावर, नान्नजच्या अलीकडे. घरची जमीन जिरायत. खालच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी आणि करडई, वरच्या हलक्या रानात हुलगा, मटकी, आणि त्याच्याही वर गावाचं गायरान. मुरमाड जमीन, वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर. त्यावर पवन्या, मारवेल, कुसळी असं गवत यायचं. श्रावणात गुडघ्याला लागायचं आणि दिवाळीनंतर वाळून सोनेरी व्हायचं. आजोबा त्या माळावर दिसणाऱ्या एका पक्ष्याला 'हूम' म्हणायचे. पुस्तकात तोच माळढोक. नर गळ्याखालची पिशवी फुगवतो, शेपूट पाठीवर उभारतो आणि खोल घुमणारा आवाज काढतो. त्या आवाजावरूनच हे नाव पडलं. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिसरीत होते. आजोबांनी बैलगाडी थांबवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीच बोलले नाहीत. मीटरभर उंचीचा, पांढऱ्या मानेचा, डोक्यावर काळी टोपी असलेला तो पक्षी गवतातून एकेक पाऊल टाकत चालला होता. आम्हाला पाहूनही त्याने घाई केली नाही. माझ्या डोळ्यांसमोरून तो अजून गेलेला नाही.

असल्या जड पक्ष्याला, नर पंधरा किलोपर्यंत भरतो, मोकळी नजर लागते. कोल्हा, लांडगा, कुत्रं लांबूनच दिसलं तर तो निघून जाऊ शकतो. मादी जमिनीवर, उघड्यावर, बहुतेक वेळा एकच अंडं घालते. एक अंडं गेलं की तिचं वर्ष गेलं. खायला नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरं, शेतात सांडलेले दाणे. म्हणजे आमची कोरडवाहू शेतीही त्याला चालत होती. हुलग्या-मटकीच्या रानातून त्याला हाकलायची गरज कुणाला पडली नाही.

१९७० च्या दशकात सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळढोकांकडे जगाचं लक्ष वेधलं आणि १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. कागदावर त्याचं क्षेत्र होतं सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके. गावं, बाजार, शेतं सगळं आत. जमिनीचे व्यवहार अडले, कामं रखडली, आणि लोकांच्या मनात पक्ष्याबद्दल राग बसला. पुढे क्षेत्र कमी करून साधारण १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, पण मधल्या तीसेक वर्षांत तो राग मुरला होता. माझ्याच चुलत्यांच्या तोंडून मी ऐकलंय, "पाखरू मेलं तर रान मोकळं होईल." त्यांना मी वाईट म्हणणार नाही. अभयारण्य आखताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं. माळढोक वाचवायला खरं तर नेमके माळ हवे होते, गावांशी बोलून राखलेले, आणि गवत राखणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात त्याचे चार पैसे.

याच काळात पाणी आलं. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, कालवे निघाले, जिथे कालवा पोचला नाही तिथे बोअर पोचलं. नान्नजचं नाव द्राक्षांनी झालं. नानासाहेब काळे यांनी काढलेल्या 'सोनाका' वाणाच्या नावात सोलापूर, नान्नज आणि काळे ही तिन्ही नावं आहेत, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. ज्यांनी बहात्तरचा दुष्काळ पाहिला त्यांच्या पोरांनी पाणी नको म्हणावं, असं मी कधीही सांगणार नाही. आमच्या वरच्या रानातही वडिलांनी बोअर मारलं, मांडव उभा केला, माझं शिक्षण त्या बागेवर झालं. पण बागेत तारा आल्या, औषधफवारणी आली, वर्षभर माणसांचा वावर आला. हुलगा गेला, करडई गेली. माळढोकाला पाय टेकायला उरलं ते फक्त गायरान.

आणि गायरानाचं काय झालं, ते मी स्वतः केलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नोकरीच्या सुरुवातीला मी शेजारच्या गावात शिक्षिका होते. वृक्षारोपणाचं वर्ष होतं, सगळीकडे हिरवाईचा उत्साह. चौथी ते सातवीची मुलं घेऊन मी गायरानावर गेले. खड्डे खणून तयार होते. आम्ही दोन दिवसांत सहाशेवर रोपं लावली, बहुतेक गिरिपुष्पाची, म्हणजे ज्याला लोक उंदीरमारी म्हणतात. शेळ्या त्याला सहजी तोंड लावत नाहीत, पाणी कमी लागतं, भराभर वाढतं, म्हणून तेच निवडलेलं. मुलांनी डबे भरभरून पाणी घातलं. त्याच माळावर दर उन्हाळ्यात धाविक असायचे. तांबूस अंगाचे, डोळ्यावर काळी-पांढरी रेघ, चार पावलं पळून थबकणारे. माळटिटवी असायची. डोंबारी चंडोल आभाळातून शीळ घालत कोसळायचा. हिवाळ्यात भोवत्या हे शिकारी पक्षी गवतावरून खालून खालून तरंगत जायचे आणि रात्री तिथेच जमिनीवर उतरायचे.

पाच-सहा वर्षांत झाडं डोक्यावर गेली. सावलीत गवत विरळ झालं. झाडांवर कावळे बसायला लागले, आणि कावळ्याला उंच जागा मिळाली की जमिनीवरचं अंडं टिकत नाही. आधी धाविक दिसेनासे झाले, मग टिटव्या. भोवत्यांचा रात्रीचा थारा मोडला. तोवर मला वाटत होतं की हे पक्षी दुसरीकडे गेले असतील. दुसरीकडे म्हणजे कुठे? पलीकडच्या गावाच्या गायरानावरही कुणीतरी माझ्यासारखंच मुलांना घेऊन गेलं होतं.

सरकारी नकाशांतही असे बरेच माळ 'पडीक जमीन' म्हणून नोंदलेले आहेत. पडीक म्हटलं की तिचं काहीतरी करायलाच हवं असं वाटतं : झाडं लावा, सौर पट्ट्या टाका, एमआयडीसीला द्या. सोलापूर, नगर, पुणे, बीड या पट्ट्यात कमी पावसामुळे माळ आपोआप गवताळ राहिला. तिथे कुणी जंगल तोडलेलं नव्हतं. लांडगा, खोकड, काळवीट, धनगरांची मेंढरं आणि हे पक्षी, सगळं त्या गवतावर पोसलेलं. तिथे दाट झाडी उभी करणं म्हणजे त्यांचं घर पाडणंच आहे.

यावर लगेच कुणीतरी म्हणतं, "पण उजनीवर रोहित येतात की!" येतात. भिगवण, कुंभारगावला धरणाच्या फुगवट्यात हिवाळ्यात रोहित पक्ष्यांची, म्हणजे फ्लेमिंगोंची, रांग उभी असते, आणि तिथल्या मच्छीमारांना होड्या फिरवून रोजगार मिळतो. मी दरवर्षी जाते आणि प्रत्येक वेळी आनंद होतो. उसाच्या रानात गायबगळे वाढले, मोर वाढले, कवडे आणि साळुंक्या वाढल्या. पक्ष्यांच्या स्थितीवरच्या २०२३ च्या देशव्यापी अहवालातही मोर, कोकीळ, पारवा यांची वाढ नोंदली आहे. पण त्याच अहवालात, ज्या ३३८ जातींचा दीर्घकाळचा कल काढता आला, त्यांतल्या ६० टक्के जाती घटल्या आहेत. जे पक्षी माणसाच्या बदलांशी जुळवून घेतात ते वाढतात. ज्यांना एकाच प्रकारची जागा लागते, त्यांची जागा गेली की ते जातात. रोहितांची संख्या माळढोकांच्या हिशेबात मांडता येत नाही. १९६० च्या सुमारास राष्ट्रीय पक्षी ठरवायची चर्चा झाली तेव्हा सालिम अलींनी माळढोकाचं नाव सुचवलं होतं. १९६३ मध्ये मोराची निवड झाली. १९६९ च्या सुमारास देशात साधारण १,२६० माळढोक असल्याचा अंदाज होता. आता ते दीडशेच्या आतबाहेर आहेत, बहुतेक राजस्थानात, जैसलमेरकडे.

तिथे त्यांना विजेच्या तारा मारतात. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, समोरचं कमी दिसतं, आणि जड शरीर ऐन वेळी वळवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्यांच्या भागातल्या तारा जमिनीखाली घ्यायला सांगितल्या, २०२४ मध्ये तो आदेश बदलून विषय तज्ज्ञ समितीकडे दिला. जैसलमेरच्या प्रजनन केंद्रात पिल्लं वाढताहेत; २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. ती बातमी वाचून मी रडले. पण ती पिल्लं मोठी होऊन सोडायची तर कुठे सोडायची?

नान्नजला गेल्या काही वर्षांत दिसली तर एखादी मादी. नर नसेल तर तिने अंडं घातलं तरी त्यातून काही यायचं नाही. गेल्या वर्षी एका मुलीने मला विचारलं, "बाई, माळढोक परत येईल का?" मी तिला 'हो' म्हटलं नाही. "माहीत नाही, पण धाविक येऊ शकतात," एवढंच सांगितलं. कारण आमच्या गायरानाचा एक तुकडा, बारा-तेरा एकरांचा, गावाने ठराव करून आणि रीतसर परवानगी घेऊन पुन्हा मोकळा केला आहे. उंदीरमारी मुळासकट काढावी लागते, नाहीतर ती परत फुटते. दोन वर्षं आम्ही ते काम केलं. त्यात माझे जुने विद्यार्थीही होते. आता ते बाप झालेत, आणि आपणच लावलेली झाडं काढताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला नीट शब्दांत सांगता येत नाही. गवत आपसूक आलं. चराईसाठी पाळी ठरवली, म्हणजे गवत फार वाढतही नाही आणि पार संपतही नाही.

परवा मे महिन्यात सकाळी तिथे गेले. मेंढरं घेऊन आलेल्या एका धनगर आजोबांनी मला हाताने थांबवलं. पुढे मुरमात माळटिटवीची चार अंडी होती, दगडासारखीच दिसणारी. आजोबांनी त्यांच्या बाजूने तीन मोठे दगड मांडले, मेंढरांना वळसा घालायला लावला आणि मला म्हणाले, "तुम्हीबी तिकडनं या."