गिऱ्हाईक आधी पाण्याचा ग्लास बघतं

नवा खरेदीदार जळगाव एमआयडीसीतल्या एखाद्या डाळमिलवर उतरतो. मे महिना, पारा 45च्या आसपास. खुर्चीत टेकतो न टेकतो तोच पोरगा पाणी आणतो. एका हातात चार ग्लास आणि प्रत्येक ग्लासात बुडालेलं एकेक बोट. पाहुणा ग्लास घेतो, ओठाला लावल्यासारखं करतो आणि टेबलावर ठेवून देतो. डाळ त्याने अजून पाहिलेलीही नसते, पण इथे खायचा माल कसा हाताळला जात असेल, हे त्याने मनाशी ठरवूनही टाकलेलं असतं.

हा अन्याय वाटेल, पण माणसाचं मन असंच चालतं. 2006 साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जेनिन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लोकांना अनोळखी चेहरे सेकंदाचा जेमतेम दहावा भाग दाखवले आणि माणूस विश्वासू वाटतो का, हे विचारलं. जास्त वेळ चेहरा बघू दिला तेव्हाही मत फारसं बदललं नाही. आपलं मत बरोबर आहे, ही खात्री मात्र वाढली. सौद्याच्या बैठकीतही हेच होतं. पहिल्या दोन मिनिटांत मन खट्टू झालं, की पुढचा तासभर समोरचा आपल्या बोलण्यात खोटच शोधत बसतो.

म्हणून सुरुवात पाण्यापासून. ट्रे घ्या, ग्लास बुडाकडून धरायला शिकवा, माठावर झाकण आणि ओगराळं ठेवा. खान्देशात पाणी विचारल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही, त्यामुळे ही चूक पहिल्याच क्षणी उघडी पडते.

मग बोर्ड. आपल्याकडच्या उन्हात फ्लेक्स फार टिकत नाही. लाल आणि पिवळा रंग आधी उडतो, निळा-काळा मागे राहतो, आणि वर्ष-दोन वर्षांत दुकानाचं नाव आजारी दिसायला लागतं. रस्त्यावरून जाणाऱ्याला असं दुकान बंद पडत आलेलं वाटतं. थोडा जास्त खर्च करून पत्र्यावर रंगवलेला किंवा उठावाच्या अक्षरांचा बोर्ड लावा. अंदाज सोपा आहे: दर दहा फूट अंतराला अक्षराची एक इंच उंची. साठ फुटांवरून वाचायचं असेल तर अक्षर सहा इंचांचं हवं. बोर्डावर मराठी नाव देवनागरीत आणि इतर कुठल्याही लिपीपेक्षा लहान नको, हा राज्याचा नियम आहे. जीएसटी नोंदणी असेल तर प्रवेशद्वाराच्या पाटीवर तो 15 अक्षरी क्रमांक आणि आत दिसेल अशा जागी प्रमाणपत्र हवं. मोठ्या कंपनीचा खरेदी अधिकारी हे दोन्ही बघतो. केळीवाल्यांनी आणखी एक सांभाळा. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण ते खोक्यावर छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली स्वतःची नोंदणी लागते.

व्हिजिटिंग कार्डात सगळ्यात जास्त घोटाळा फॉन्टचा होतो. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की रफार भलत्याच अक्षरावर जातो आणि वेलांट्या सुटतात. छपाईला देताना अक्षरांचं आउटलाइन करून, म्हणजे अक्षरं चित्रासारखी पक्की करून, पीडीएफ द्या आणि छापायच्या आधी एक प्रत कागदावर वाचा. साडेतीन बाय दोन इंच, 300 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) कागद, एक किंवा दोनच मोबाइल नंबर. चार नंबर छापले की नेमका कुठला लागतो, हे समोरच्याला शोधावं लागतं.

आता नमुना. इथे खरा घात होतो. हातनिवडीची, एकसारखी पिवळीधमक डाळ पाकिटात भरायची आणि ट्रकमध्ये दुसरंच काही पाठवायचं, असं एकदा केलं तरी ते गिऱ्हाईक कायमचं जातं. 100 पोत्यांचा लॉट असेल तर किमान 10 पोत्यांतून डाळ काढा. वरून, मधून आणि तळातून. चुरा हलता-हलता खाली बसतो, म्हणून नुसता वरचा ओंजळभर माल नेहमी खोटं बोलतो. सगळं एकत्र करून कागदावर पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन काढून टाका. 750 ग्रॅमच्या आसपास उरेपर्यंत हेच करा. मग अडीचशे ग्रॅमची तीन पाकिटं: एक गिऱ्हाईकाला, एक दोघांच्या सह्यांसह आपल्या कपाटात, एक वाद झाला तर तपासणीसाठी. छापील स्टिकरवर माल, लॉट नंबर, तारीख, तुकडा म्हणजे तुटलेली डाळ किती आणि ओलावा किती. पाकिटं बंद गाडीत उन्हात ठेवू नका. ओलावा सुटून पिशवीला आतून दव धरतं. आणि तंबाखू चोळलेल्या हाताने नमुना कधीच देऊ नका. डाळीला वास लागतो आणि वास लपत नाही.

कपडे महागडे नकोत, कोरडे हवेत. करडा आणि आकाशी शर्ट घामाचे डाग ठळक दाखवतो, पांढरा आणि गडद निळा कमी. आत सुती बाह्यांची बनियन घाला, गाडीत हँगरला दुसरा शर्ट ठेवा. वेळेच्या 15 मिनिटं आधी पोहोचून तोंड धुवा आणि थोडं पंख्याखाली बसा.

फोनवर "कोण?" हा पहिला शब्द नको. आधी फर्मचं नाव, मग "बोला साहेब". धुळे-नंदुरबारकडचा माणूस असेल आणि अहिराणी आपल्या घरची असेल, तर "या भाऊ, बठा" एवढ्यानेच बैठक मोकळी होते. उसनी अहिराणी मात्र दोन वाक्यांत उघडी पडते, त्यापेक्षा साधी मराठी चांगली. दर आणि वजन ठरवताना दोघांनाही नीट समजेल तीच भाषा ठेवा.

बैठक संपली त्याच संध्याकाळी ठरलेला दर, लॉट नंबर, वजन आणि ट्रक सुटायची तारीख लिहून पाठवा. पीडीएफचं नाव "फायनल 2" नको. फर्म, माल आणि तारीख त्या नावातच येऊ द्या. ट्रक भरताना कपाटातलं सह्यांचं पाकीट काढून मालाशेजारी उघडून धरा. रंगात किंवा तुकड्यात फरक दिसला, तर ट्रक सुटायच्या आधी फोन आपण करायचा.