मारुतीला पाणी कुठवर?

रविवार, रात्रीचे साडेअकरा

लेकीची वही अजून टेबलावरच पडली आहे. पोर तिसरीत आहे, सध्या कॉमिक काढायचं खूळ डोक्यात. हिरोईनचं नाव कॅप्टन द्राक्ष. जांभळा झगा, आणि बोटांतून द्राक्षांचे घड सुटतात. नाशिकची पोर दुसरं काय सोडणार! या भागात कॅप्टनची जुनी मैत्रीण एका गुंगीबाबाच्या नादी लागली आहे. बाबाच्या डोळ्यांत जिलब्या काढल्यात. आठव्या चौकोनात कॅप्टन भिंत फोडते, मैत्रिणीला खांद्यावर टाकते आणि उडत थेट पांडवलेणीवर आणून ठेवते. नवव्यात दोघी हसतायत. गोष्ट संपली.

मी आपलं सहज विचारलं, "आणि ती परत बाबाकडे गेली तर?"

"का जाईल? सोडवलं ना तिला!"

"तिला तिथेच आवडत असेल तर?"

पेन्सिल चावत तिने माझ्याकडे पाहिलं. "बाबा, तू ना सगळ्याची मजा घालवतोस." मग नववा चौकोन खोडरबराने खसाखसा पुसला आणि गेली झोपायला. तो रिकामा चौकोन समोर ठेवून बसलोय.

माझ्या मित्राचं नाव इथे लिहीत नाही. शाळेत आम्ही त्याला पैलवान म्हणायचो, कारण वाऱ्याने उडेल असा काडीपैलवान होता. घरं पंचवटीत, एकाच बोळात. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर गरगर फिरून उडणारा तो हिरो आला, तेव्हा टॉवेल गळ्याला बांधून गच्चीवर आम्हीही गरगर फिरायचो. एकदा पैलवान फिरता फिरता पाण्याच्या टाकीवर आपटला. हनुवटीला तीन टाके. ती खूण अजून आहे. दाढी केली की दिसते.

पण आमचा खरा खेळ पावसाळ्यातला. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं नाशिक गंगेवर लोटतं. (बाहेरच्यांसाठी: आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो.) रामकुंडाजवळ पात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे. पूर किती आला हे नाशिककर क्युसेकमध्ये सांगत नाही. गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीपर्यंत चढलं, असं सांगतो. मारुतीच्या डोक्यावरून पाणी गेलं की सराफ बाजार आणि भांडी बाजारातल्या दुकानदारांची धावाधाव सुरू. जुनी माणसं नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला पाणी लागलं की नाही असा हिशोब सांगतात, आमचा मात्र मारुतीचा. होळकर पुलावर उभं राहून आम्ही पैज लावायचो, वडापावची. पैलवान हटकून एक पायरी जास्त सांगायचा. गुडघा दिसत असला तरी म्हणायचा, संध्याकाळपर्यंत कमर! आणि हरायचा.

2018 मध्ये त्याची अंबडमधली नोकरी गेली. कुणीतरी दोन दिवसांच्या मोफत शिबिराला नेलं. त्र्यंबक रस्त्याकडे एक फार्महाउस, मोबाइल आल्याआल्या टोपलीत. तिथे बाबा नव्हता, भगवं काही नव्हतं. 'सर' होते, पांढऱ्या शर्टातले, हातात माइक, पाठीमागे प्रोजेक्टर. रात्री दोनपर्यंत सत्र आणि पहाटे साडेचारला पुन्हा उठवणं. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने उभं राहून आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट सांगायची, मग सगळ्यांनी रडायचं आणि मिठ्या मारायच्या. पैलवान मला नंतर म्हणाला होता, "नोकरी गेल्यापासून मला कुणी हातसुद्धा लावला नव्हता रे, आणि तिथे साठ माणसांनी जवळ घेतलं." हे वाक्य मी तेव्हा कानाआड केलं. सगळं त्यातच होतं.

आणि खोटं कशाला लिहू, पहिले सहा महिने तो सुधारला होता. गुटखा सुटला. पहाटे उठायचा, आईला चहा करून द्यायचा. मग 'लेव्हल' सुरू झाल्या. पहिली सात हजार, दुसरी पस्तीस हजार, तिसरीला काकूंच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, पाटल्या. बोलण्यात दोनच जातीची माणसं उरली, 'हलकी' आणि 'जड'. हलकी म्हणजे त्यांच्यातली. शंका काढणारा जड, पैसे विचारणारा जड, आजारी माणूससुद्धा जड. एकदा का असा शब्द हाताशी आला की समोरचा काय म्हणतोय ते ऐकायचे कष्टच वाचतात.

मग मी कॅप्टन द्राक्ष झालो.

महिनाभर रात्री जागून वाचलं. 'ब्रेनवॉशिंग' हा शब्द एडवर्ड हंटर नावाच्या अमेरिकी पत्रकाराने 1950 मध्ये चालवला, मूळ चिनी शब्दाचा अर्थ शब्दशः मेंदू धुणे. रॉबर्ट लिफ्टन या मनोविकारतज्ज्ञाने चिनी तुरुंगांतून सुटलेल्या माणसांशी बोलून 1961 मध्ये अशा गटांच्या आठ खुणा मांडल्या. त्यात ठरावीक शब्दांची भाषा आहे, सतत कबुल्या देणं आहे. वाचताना अंगावर काटा आला, जणू हा माणूस त्र्यंबक रस्त्यावर येऊन गेलाय. बावीस पानांची प्रिंट काढली, पिवळ्या हायलायटरने रेघा मारल्या आणि डिसेंबरमध्ये एका मिसळीच्या हॉटेलात ती पैलवानापुढे ठेवली.

त्याने शांतपणे पानं उलटली. माझ्या ताटातला पापड मोडून खाल्ला. हसला. "सरांनी सांगितलंच होतं, तुझा सगळ्यात जवळचा माणूस कागद घेऊन येईल."

झालं. मी आणलेला प्रत्येक पुरावा सरांच्याच खात्यात जमा. माझं डोकं फिरलं. त्याचं मनगट धरून मी त्याला गाडीकडे ओढत नेलं. हॉटेलातली माणसं बघत होती. तो ओरडला नाही की हिसका दिला नाही. नुसता अंग सैल सोडून उभा राहिला, माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत. त्या रात्री त्याच्या वहीत 'जड माणसं' या यादीत माझं नाव चढलं, तिसऱ्या नंबरवर. पहिला त्याचा मामा, दुसरा शेजारी. हे मला काकूंनी फोनवर वाचून दाखवलं. दोन महिन्यांनी तो घर सोडून पाथर्डी फाट्याला गटातल्या चौघांबरोबर फ्लॅटवर राहायला गेला.

एका वकिलाला विचारलं. जादूटोणाविरोधी कायदा आपल्याकडे 2013 मध्ये झाला, तोही डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर. पण सर भूत उतरवत नव्हते, अंगारा देत नव्हते. तीस वर्षांचा सज्ञान माणूस आपल्या पैशाने, आपल्या पायाने जातोय. वकील म्हणाले, "दाराला कुलूप असतं तर काही करता आलं असतं."

मग एका समुपदेशक बाईंकडे गेलो, तर त्यांनी माझीच शाळा घेतली. म्हणाल्या, वाद बंद. पैसे द्यायचे नाहीत, पण बोलणं तोडायचं नाही. सरांबद्दल अवाक्षर नको. त्या गटाच्या आधीचा जो माणूस तुम्हाला माहीत आहे ना, त्याच्याशी बोला. मी विचारलं, किती दिवस? त्या म्हणाल्या, ते मला माहीत नाही.

हे काकूंना सांगितलं तेव्हा त्या परातीत तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मारुतीला तरी कुठे आठवत होतं आपल्याला उडता येतं ते? जांबुवंताला सांगावं लागलं." आम्हा नाशिककरांना मारुती घरचाच. अंजनेरी त्याचं जन्मस्थान मानतो आम्ही, तिथून त्र्यंबकेश्वर हाकेच्या अंतरावर. पण मारुतीच्या गोष्टीत आपली भूमिका म्हाताऱ्या अस्वलाची असू शकते, हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. टॉवेल बांधून कुणी जांबुवंत होतं का?

4 ऑगस्ट 2019, रविवार. सकाळपासून कोसळत होता. दुपारी होळकर पुलाकडे गेलो तर मारुती दिसेचना. जिथे असायला हवा तिथे नुसतं तांबडं पाणी, त्यात एक भोवरा. 2008 नंतर असं पाणी क्वचितच पाहिलं असेल. भिजत फोटो काढला आणि पैलवानाला पाठवला. खाली एक अक्षरही लिहिलं नाही. आठ महिन्यांत त्याने माझ्या एकाही मेसेजला उत्तर दिलं नव्हतं.

रात्री अकराला फोन वाजला. रविवार म्हणजे शिबिराचा दिवस, टोपलीतून मोबाइल तेव्हाच परत मिळत असणार. एकच शब्द होता.

"बुडाला?"

मी लिहिलं, "डोक्यावरून. तू असतास तर आज पहिल्यांदा जिंकला असतास."

निळ्या खुणा दिसल्या. उत्तर नाही. मला तेवढ्यावर रात्रभर झोप लागली नाही, बायको म्हणाली प्रेमात पडलायस की काय.

पुढची दोन वर्षं लिहिण्यासारखी नाहीत. पाऊस आला की मारुतीचा फोटो, बुधवारच्या बाजारात शेवंतीचा ढीग दिसला की तो, आमच्या शाळेची भिंत रंगवली तर ती. कधी अंगठा यायचा, कधी दीड महिना काही नाही. मध्ये मीच कंटाळून चार महिने गप्प बसलो. तेही लिहून ठेवतो, नाहीतर उद्या स्वतःलाच थोर वाटायला लागेन.

त्याच काळात अमेरिकेतली एक गोष्ट वाचली. 1954 मध्ये शिकागोजवळच्या एका छोट्या गटाने 21 डिसेंबरला महापूर येणार म्हणून सांगितलं होतं. आपल्याला न्यायला उडती तबकडी येणार. लिऑन फेस्टिंगर आणि त्याचे सहकारी त्यांच्यात मिसळून बघत होते. पूर आला नाही, तबकडीही नाही. पण बरेच जण घरी जायच्या ऐवजी जास्तच कट्टर झाले, वर्तमानपत्रांना स्वतःहून फोन करायला लागले. नोकरी सोडलेली, घरच्यांशी भांडलेलं, आता चुकलो म्हणायचं कुणाच्या तोंडावर? वाचून मला आधी हसू आलं, मग मिसळीच्या हॉटेलातलं ते मनगट आठवलं. पैलवानाला परत यायचंच असतं तरी येऊन पाहायचं कुणाचं तोंड होतं? बावीस पानंवाल्याचं.

जून 2021. लॉकडाउनपासून त्यांची सत्रं झूमवर चालली होती, पहाटे साडेचारला हजेरी. त्या दिवशी सरांनी कबुलीच्या वहीतलं एक पान वाचून दाखवलं, 'जडपणा कसा असतो' याचा नमुना म्हणून. पान पैलवानाचं होतं. वडील दवाखान्यात शेवटचे असताना तो मॅच बघत बसला होता, ती गोष्ट. मलासुद्धा कधी सांगितली नव्हती त्याने. सरांनी ती आवाज काढून, थोडी नक्कल करत वाचली. पडद्यावरच्या छोट्या छोट्या चौकटींतले लोक हसले.

पाच वीसला माझा फोन वाजला. "गाडी आहे का रे?"

मी ऍक्टिव्हा काढली. गेटपाशी तो उभा, पाठीला सॅक आणि दोन्ही हातांत मिक्सर. मिक्सर त्याने स्वतःच्या पैशाने घेतला होता, तो सोडून यायला तयार नव्हता. मागे फ्लॅटमधले दोघे उभे होते. मी हेल्मेटच्या आत दात आवळले, आता होणार काहीतरी. त्यातला एक पुढे आला, पैलवानाच्या सॅकची निघालेली चेन लावून दिली आणि म्हणाला, "जपून जा." बस. गेटसुद्धा उघडंच होतं.

द्वारकाचा चौक मी जन्मात पहिल्यांदा न थांबता ओलांडला. मिक्सर आमच्या दोघांच्या मध्ये, माझ्या पाठीत रुतत होता. पंचवटीपर्यंत कुणी बोललं नाही.

काकूंनी दार उघडलं. काही विचारलं नाही. मिक्सरकडे बघून म्हणाल्या, "चटणीचं भांडं कुठाय याचं?"

ते तिकडेच राहिलं होतं. अजून तिकडेच आहे. पाटल्याही परत आल्या नाहीत.

गोष्ट तिथे संपली असती तर नववा चौकोन सोपा होता. पहिलं वर्षभर तो साडेचारला दचकून उठायचा. अजूनही मध्येच कुणाला 'जड' म्हणतो आणि जीभ चावतो. एकदा गंगेवर बसलो होतो तर म्हणाला, त्या साठ माणसांची आठवण येते. मला राग आला, पण गिळला. खरं तर ती चेन लावून देणारा माणूस मलाही आठवतो. तो अजून तिथेच असेल, आणि त्याला फोटो पाठवणारं कुणी आहे की नाही कुणास ठाऊक.

मागे एका लग्नात मी फुशारकीने चारचौघांत म्हणालो, "ह्याला मी सोडवून आणला." पैलवानाने मला बाजूला घेतलं. "तू घ्यायला आलास. सोडवलं-बिडवलं म्हणू नको. मी निघालो." बरोबर आहे त्याचं. तरी मला थोडं लागलंच.

आत्ता पाणी प्यायला उठलो तर लेक जागी. विचारते, "मग कॅप्टन काय करेल?"

"बाहेर उभी राहील."

"भिंत नाही फोडणार?"

"नाही. अधूनमधून हाक मारेल."

"किती वेळ?"

"दोन वर्षं."

तिने बराच विचार केला. "मग तिला डबा द्यायला लागेल." उठली, वही घेतली, आणि नवव्या चौकोनात कॅप्टन द्राक्षच्या हातात चार पुडांचा डबा काढला. झगा आता पावसात भिजलेला आहे. मैत्रीण अजून काढलेली नाही.

बाहेर धो धो चालू आहे. दहा मिनिटांपूर्वी पैलवानाचा मेसेज आला: "गंगापूरमधून सोडलंय. सकाळपर्यंत कमर."

मी लिहिलं, गुडघासुद्धा नाही. वडापाव तुझ्याकडे लागला.