भावाच्या पडताळणीची फाइल

माझ्या धाकट्या भावाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर परिणाम करणारे अपंगत्व) आहे आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून, म्हणजे २०१७ पासून, त्याला संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे साहाय्य मिळते. सुरुवातीला दरमहा ६०० रुपये येत असत. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ही रक्कम २,५०० रुपये झाली. ही वाढ आमच्या घरी पोहोचण्याआधीच लाभार्थ्यांच्या कागदपत्रांची पडताळणी निघाली आणि अपुऱ्या कागदपत्रांच्या यादीत भावाच्या नावापुढे ‘प्रमाणपत्र मुदतबाह्य’ असा शेरा पडला.

शेरा चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. तहसील कार्यालयातील या योजनेच्या शाखेत असलेल्या फाइलमध्ये २०१४ सालचे प्रमाणपत्र लावलेले होते आणि तेव्हा भाऊ पंधरा वर्षांचा असल्यामुळे वैद्यकीय मंडळाने ते पाच वर्षांपुरतेच दिले होते. पुढे २०२१ मध्ये त्याची नव्याने तपासणी होऊन ७५ टक्के कायमस्वरूपी अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि पिवळ्या पट्टीचे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, मिळाले (४० ते ७९ टक्क्यांना पिवळी पट्टी, ८० आणि त्यापुढे निळी). मात्र ते आम्ही कपाटात जपून ठेवले. तहसील कार्यालयात नेऊन द्यायला हवे, हे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

यूडीआयडीची प्रत घेऊन तहसील कार्यालयात गेले, तेव्हा दुसरी अडचण समोर आली. आधारवर भावाचे नाव आणि आडनाव एवढेच आहे, प्रमाणपत्रावर मधे वडिलांचे नाव आहे, आणि बँकेच्या पासबुकावर आडनाव आधी. माणूस एकच, पण तीन कागदांवर तीन माणसे. आता अनुदान थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होत असल्यामुळे ही तफावत पूर्वीसारखी कोणी डोळ्याआड करत नाही, म्हणून आधी आधारमध्ये नाव दुरुस्त करून घ्यायचे ठरले.

आधार केंद्रातला तो तास मला विसरता येत नाही. भावाची मूठ सतत वळलेली असते आणि घाबरला की ती आणखी घट्ट होते. यंत्रावर अंगठा टेकवायचा तर आधी तो मुठीतून बाहेर काढायला हवा. तिसऱ्या प्रयत्नानंतर आईने बाटलीतले कोमट पाणी रुमालावर ओतले, तो रुमाल त्याच्या मुठीभोवती गुंडाळला आणि एकेक बोट हळूहळू उलगडले. बुबुळाच्या वेळी मान स्थिर राहीना, तेव्हा मी मागून डोके धरून उभी राहिले. केंद्रचालक तरुण मुलगा होता; रांगेतल्या लोकांची कुरकुर ऐकूनही त्याने ‘सावकाश होऊ द्या, काकू’ एवढेच म्हटले.

उत्पन्नाच्या दाखल्याला फारसा वेळ लागला नाही. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. तलाठ्यांचा अहवाल जोडून (पदाचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी झाले असले, तरी गावात कोणी तसे म्हणत नाही) सेतू केंद्रातून (सरकारी दाखले देणाऱ्या सुविधा केंद्रातून) दाखला मिळाला.

या वेळी मी नुसते झेरॉक्सचे गठ्ठे दिले नाहीत. साध्या कागदावर अर्ज लिहिला, जुने प्रमाणपत्र कोणत्या तारखेला संपले आणि नवे कोणत्या तारखेचे आहे हे त्यात नमूद केले, जोडलेल्या प्रत्येक कागदाला क्रमांक दिला आणि अर्जाच्या दोन प्रती केल्या. आवक टेबलावरील कर्मचाऱ्यांनी एक प्रत ठेवून घेतली आणि ‘पोच कशाला हवी, नोंद होईलच की’ असे म्हणाले. २०२१ सालचे प्रमाणपत्र कपाटात पडून राहिल्याची आठवण ताजी होती, म्हणून मी तिथेच उभी राहिले. थोड्या वेळाने त्यांनी दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला, आवक क्रमांक आणि तारीख लिहिली आणि कागद माझ्याकडे सरकवला. शिक्क्याची शाई ओली होती. आईने फुंकर घालून ती वाळवली.